नाताळचा शिधा आणि दुकानातला काटा

पिंपरी-चिंचवड परिसरातील ३४ वर्षांच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहे. त्यांच्या वडिलांचे भंगाराचे दुकान आहे. आजोबा १९७२च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातून पोटामागे इकडे आले, वडिलांनी हातगाडीवर रद्दी गोळा करण्यापासून सुरुवात केली आणि पुढे स्वतःची जागा घेतली. घर भाविक आहे. वडील ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांपैकी एक आहेत, दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा न चुकता मंडळीला दिला जातो, आणि दर नाताळात दुकानावर माल घालणाऱ्या कचरावेचक बायकांना ब्लँकेट व शिध्याची पिशवी दिली जाते. वडिलांची प्रकृती बिघडल्यामुळे अलीकडे दुकान या वाचकाच्या हाती आले, तेव्हा तिथे काटा मारला जातो हे त्यांच्या नीट लक्षात आले. दर १० किलोमागे साधारण एक ते दीड किलो कापले जाते. वडील म्हणतात की सगळेच असे करतात, चोख वजन दिले तर भाव उतरवावा लागेल आणि बाईच्या हातात शेवटी पैसे तेवढेच पडतील. वर, ‘माणूस बघून काटा लावायचा असतो,’ हेही ते मुलाला शिकवतात. वाचकाने काही दिवस पूर्ण वजन आणि उतरलेला भाव असा प्रयोग करून पाहिला, पण बऱ्याच बायका शेजारच्या दुकानाकडे वळल्या. आता त्यांचे प्रश्न असे आहेत: काटा आहे तसाच ठेवून दशमांशाऐवजी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा गरिबांना दिला तर चालेल का? की दुकान सोडून नोकरी धरावी? आजवर जे घेतले त्याचे काय करावे? आणि वडिलांचा मान राखून यातले काय शक्य आहे?

प्रिय बंधू,

पाचव्या हिश्श्याचा तुमचा विचार आधी घेतो, कारण तुमच्या पत्रातल्या बाकीच्या गोष्टी त्याच्याभोवती फिरत आहेत. या विचारामागची तळमळ खरी आहे हे मला दिसते, तरी तो मला मान्य नाही, आणि माझी पहिली हरकत धर्माची नसून साध्या हिशेबाची आहे. समजा, एक बाई दिवसाला ४० किलो पुठ्ठा आणते, भाव १२ रुपये आहे आणि तिचे ६ किलो कापले जातात. म्हणजे रोजचे ७२ रुपये, महिन्याचे २५ दिवस धरले तर १,८०० रुपये आणि वर्षाचे २१,६०० रुपये झाले. नाताळच्या पिशवीत तुम्ही काय काय भरता हे मला ठाऊक नाही, पण तिची किंमत याच्या आसपासही जात नसणार. ती पाचपट केली तरी प्रश्न सुटत नाही, कारण ते ७२ रुपये तिला त्याच संध्याकाळी हवे होते, आणि त्यांचे तेल आणायचे, औषध आणायचे की मुलीची वही आणायची हे तिने ठरवायचे होते. तुम्ही ते पैसे ठेवून घेता, केव्हा परत द्यायचे ते तुम्ही ठरवता, ब्लँकेटच्या रूपात द्यायचे हेही तुम्हीच ठरवता, ते याच बाईला मिळतील याची खात्री नसते, आणि मिळाले तर तिने हात जोडून तुमचे आभार मानायचे. तिची कमाई तुमच्या दुकानातून तुमची मेहेरबानी होऊन बाहेर पडते. दानाची रक्कम वाढवल्याने ही अदलाबदल थांबत नाही, उलट मोठी होते.

पवित्र शास्त्र याविषयी किती रोखठोक बोलते याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते. आमोस हा बायबलमधला संदेष्टा, तकोवा गावचा मेंढपाळ, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला. तो उत्तरेच्या इस्राएलात गेला तेव्हा तिथे भरभराट होती, सण थाटात होत होते, अर्पणांना तोटा नव्हता. त्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात जे व्यापारी दिसतात ते शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, मोडणारे नाहीत. ते शब्बाथ पाळतात, फक्त तो कधी संपतो आणि धान्याची कोठारे कधी उघडतो याची वाट पाहत बसतात. एफा हे धान्याचे माप लहान, शेकेल हे मोबदला तोलायचे वजन मोठे, तराजू खोटा, आणि गव्हाबरोबर त्याचे भूसही विकायचे, असा त्यांचा धंदा. म्हणजे उपासना चुकवणाऱ्यांवर नव्हे, तर उपासनेला हजर राहून माप मारणाऱ्यांवर संदेष्टा तुटून पडतो, आणि याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात देव त्यांचे सण आणि त्यांची अर्पणे नकोत असे सांगतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखिया शहरात जॉन क्रिसोस्टोम या धर्मोपदेशकाने मत्तयाच्या शुभवर्तमानावर प्रवचने दिली, त्यांतही हाच मुद्दा आहे: विधवा आणि अनाथ यांना लुबाडून प्रभूच्या मेजासाठी रत्नजडित सोन्याचा प्याला आणून ठेवला म्हणजे आपले तारण झाले असे समजू नका. तुमचा पाचवा हिस्सा त्या प्याल्याच्या फार जवळ जातो, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते.

आता वडिलांचे म्हणणे पाहू, कारण ते मूर्खपणाचे नाही आणि मूर्खपणाचे आहे असे समजून तुम्ही त्यांच्याशी वाद घातलात तर हराल. ते म्हणतात की १२चा भाव आणि ३४ किलो म्हणजे ४०८ रुपये. तेच ४० किलो पूर्ण तोलले तर भाव १० रुपये २० पैसे लावावा लागेल आणि रक्कम पुन्हा ४०८ रुपयेच होईल. मग बिघडले कुठे? हे गणित बरोबर आहे, पण एका अटीवर: प्रत्येक बाईच्या मालातून सारख्याच प्रमाणात वजन कापले जात असेल तर. तसे होत नाही, आणि याचा पुरावा वडिलांनी स्वतःच तुम्हाला शिकवलेल्या वाक्यात आहे. ‘माणूस बघून काटा लावायचा’ याचा अर्थ काय, हे दुकानात एक दिवस नुसते उभे राहून पाहा. ज्या बाईचा आवाज मोठा आहे, जिला आकडे वाचता येतात, जिचा मुलगा सोबत आहे आणि जी उद्या दुसरे दुकान धरू शकते, तिचे २ किलो कापले जातात. तिला किलोमागे प्रत्यक्षात ११ रुपये ४० पैसे मिळाले. जी म्हातारी आहे, जिला नीट दिसत नाही, जिने तुमच्याकडून उचल घेतली आहे आणि म्हणून जिला दुसरीकडे जाता येत नाही, तिचे ९ किलो जातात. तिला ९ रुपये ३० पैसे मिळाले. सरासरी काढली तर वडिलांचे गणित जुळेलही, पण सरासरी कोणी घरी घेऊन जात नाही. फळ्यावर लिहिलेला कमी भाव सगळ्यांना सारखा लागतो, तर लपवलेली कपात जिथे विरोध सर्वांत कमी तिथे सर्वांत जास्त लागते. म्हणून व्यवहारातला प्रामाणिकपणा आणि गरिबांची कळकळ ही तुमच्या मनात दोन वेगळी खाती असतील तर ती एकत्र करा. काट्यावरचे खोटे नेहमी सर्वांत गरीब माणूस हुडकून काढते.

शिवाय, रक्कम खरोखरच तेवढीच पडत असेल तर खोटे बोलण्याचे कष्ट कोणी घेतले नसते. हा प्रश्न वडिलांना रागाने नव्हे, हिशेबाच्या वहीसमोर बसून विचारावा.

याच संदर्भात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या दुकानदारांची एक हकिकत सांगण्यासारखी आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात या पंथाच्या लोकांनी घासाघीस सोडून एकच भाव सांगण्याचा नियम केला, कारण जो भाव घ्यायचा नाही तो तोंडाने सांगणे हेच त्यांना खोटे वाटे. त्यांचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की सुरुवातीला त्यांची गिऱ्हाइके तुटली आणि काहींची पोटाची भ्रांत झाली. पुढे लोकांना अनुभव आला की या दुकानात लहान पोराला पाठवले तरी त्याला मोठ्या माणसासारखाच व्यवहार मिळतो, आणि मग गिऱ्हाइके परत आली. पोराची ही कसोटी मला फार मोलाची वाटते, आणि ती तुमच्या दुकानाला जशीच्या तशी लावता येते: सर्वांत दुबळी बाई आली आणि सर्वांत भांडखोर बाई आली, तर दोघींच्या पोत्यांचे वजन सारखे भरते का?

मात्र त्या हकिकतीतले पहिले वाक्य विसरू नका. गिऱ्हाइके तुटली. तुमचीही तुटली, आणि ती का तुटली हे समजून घेतल्याशिवाय पुन्हा प्रयोग करण्यात अर्थ नाही. शेजारच्या फळ्यावर १२ होते आणि तुमच्याकडे १०. ‘आमच्याकडे वजन चोख’ हे तुम्ही तोंडाने सांगितले असणार, पण ते तर काटा मारणारा प्रत्येक जण सांगतो. उन्हातून पोते डोक्यावर आणलेल्या बाईने तुमच्या शब्दावर दोन रुपये सोडावेत अशी अपेक्षा ठेवणे हाही एक प्रकारचा भाबडेपणा आहे. तिला शब्द नको, पडताळा हवा.

पडताळा कसा देता येईल ते सांगतो, आणि हे किराणा, धान्य, मासळी किंवा भाजी तोलून घेणाऱ्या-देणाऱ्या इतर वाचकांनाही लागू पडेल. काट्याचा आकडा दाखवणारी पाटी मालकाकडे न ठेवता माल आणणाऱ्याच्या तोंडासमोर ठेवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दर वर्षी फेरपडताळणी करून घ्यावी लागते. ती करून घेऊन प्रमाणपत्र आतल्या कपाटात न ठेवता काट्याजवळ लावा. शिक्का मारलेले एक २० किलोचे वजन काट्याशेजारी कायम ठेवा आणि ज्या बाईला शंका येईल तिने ते स्वतः उचलून काट्यावर ठेवावे, असा रिवाज पाडा. काट्यावरचा मुलगा आकडा स्थिर होण्याआधीच ‘साडेअकरा’ म्हणून मोकळा होतो, रिकाम्या पोत्याचे वजन अर्धा किलोही नसताना २ किलो धरतो आणि वजनातला वरचा अर्धा किलो नेहमी सोडूनच देतो, या तीन सवयी बहुतेक दुकानांत असतात आणि त्यांना चोरी म्हणावे हे कोणाच्या मनातही येत नाही. त्या बंद करा. आणि दर वेळी चिठ्ठी द्या: वजन, भाव, रक्कम. अक्षरे न येणाऱ्या बायकांनाही नोटा आणि मोबाइल यांमुळे आकडे ओळखता येतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

ओल्या मालाचा प्रश्न खरा आहे आणि तो झाकून ठेवू नये. पावसाळ्यात पुठ्ठा पाणी पितो, तुमचा माल घेणारी कागदगिरणी तुमच्याकडून त्याची तूट कापते, आणि काही बायका माल मुद्दाम भिजवून आणतात किंवा पोत्याच्या तळाशी दगड घालतात, ही तुमची तक्रारही रास्त आहे. पण दुकानदार कापणार म्हणून बाई भिजवते आणि बाई भिजवते म्हणून दुकानदार कापतो, असे हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. ते थांबवण्याची ऐपत ज्याच्याकडे आहे त्याने आधी थांबवावे. कोरडा पुठ्ठा आणि ओला पुठ्ठा असे दोन भाव फळ्यावर लिहा. वजन पूर्ण करा, ते मोठ्याने सांगा, आणि त्यानंतर ओलीसाठी काही कापायचे असेल तर तिच्यासमोर, कारण सांगून कापा. ती हुज्जत घालील. घालू द्या. तिला हुज्जत घालता येणे हाच या पद्धतीचा फायदा आहे.

कमी भाव देणे हे पाप नाही, हेही स्पष्ट करतो, कारण तुमच्या पत्रात थोडा असा सूर आहे की ख्रिस्ती दुकानदाराने बाजारापेक्षा जास्तच दिले पाहिजे. तुमचे भाडे आहे, कामगार आहेत, गिरणीचे पैसे थकतात. जो भाव परवडतो तो उघड लिहावा आणि तोच द्यावा. या धंद्यातला प्रामाणिक नफा वर्गीकरणात आहे: सरमिसळ प्लास्टिकचा भाव आणि निवडलेल्या प्लास्टिकचा भाव यांत अंतर असते, पितळेत मिसळलेले लोखंड वेगळे केले की दोन्हींचे मोल वाढते, कागद कोरडा राहिला की वरची कपात टळते. बायकांनाच थोडे निवडून आणायला सांगा आणि निवडलेल्या मालाचा जास्तीचा भाव त्यांना द्या. तरीही पहिले काही महिने उत्पन्न घटेल असे धरून चाला. तेवढ्या काळासाठी घरखर्चाची तजवीज असल्याशिवाय सुरुवात करू नका, कारण मध्येच पैसे संपून जुना काटा पुन्हा सुरू झाला तर बायकांच्या दृष्टीने तुम्ही पूर्वीपेक्षाही खोटे ठराल.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणाऱ्या बायका संघटित झाल्या. पुढे त्यांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. तुमच्या दुकानावर येणाऱ्या बायकांपैकी काही या संघटनेच्या सभासद असू शकतील. त्यांच्या कार्यकर्त्यांना दुकानात बोलावून काटा दाखवण्याची तुमची तयारी असेल, तर बायकांमध्ये विश्वास पसरायला जाहिरातीपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. अनेक दुकानदार संघटनेचे नाव काढले की बिचकतात. ज्याचा काटा खरा आहे त्याने बिचकण्याचे कारण नाही.

उचलीबद्दल तुम्ही पत्रात एकाच ओळीत लिहिले आहे, पण मला ती काट्याइतकीच गंभीर वाटते. अडीअडचणीला दोन-चार हजार देणे हा उपकार आहे. पण ते फिटेपर्यंत माल दुसरीकडे घालायचा नाही, ही अट तिला जोडली की तो उपकार राहत नाही. जिला दुसरीकडे जाता येत नाही तिचाच काटा सर्वांत जास्त मारला जातो, हे वर पाहिलेच. उचल द्यायची तर द्या, तिची नोंद दोघांकडे राहू द्या, हप्ता ठरवा, आणि माल कुठे घालायचा हे तिच्यावर सोडा.

आता मागच्या पैशांचे. इथे जक्कय या जकातदाराची बायबलमधली गोष्ट नीट वाचावी, कारण आपण ती बहुधा घाईने वाचतो. लूकच्या १९व्या अध्यायात तो दोन वेगवेगळी वाक्ये बोलतो. माझ्या मालमत्तेचा अर्धा भाग मी गरिबांना देतो, हे एक; आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करतो, हे दुसरे. दिलेले दान तो परतफेडीत धरत नाही. लेवीय या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला नियम तर याहून व्यवहारी आहे: मुद्दल अधिक पाचवा हिस्सा, आणि तेही ज्याचे त्याला. तुम्ही सुचवलेला पाचवा हिस्सा आणि हा पाचवा हिस्सा यांची दिशा वेगळी आहे. तुमचा दान म्हणून कोणाही गरिबाकडे जातो, शास्त्रातला त्या बाईच्या हातात जातो.

इतक्या वर्षांचा हिशेब पैशापैशाने लागणार नाही, आणि तो लावण्याच्या नादात घर विकायला काढा असे मी सांगणार नाही. पण ज्या बायका आजही येतात त्यांची नावे वहीत आहेत, त्यांच्या उचलीची बाकी वहीत आहे. ती बाकी सोडून द्या. इंद्रायणीकाठच्या लोकांना हे नवीन नाही. देहूच्या तुकोबांनी आपल्या वाटणीची कर्जखते नदीत सोडली अशी कथा आपल्याकडे घरोघर सांगतात, आणि तेही घरच्या दुकानदारीतले, वाण्याच्या धंद्यातले होते. फक्त बाकी सोडताना ‘माफ केली’ असा शब्द वापरू नका. ‘तुमचे आमच्याकडे निघत होते, ते वळते केले,’ असे सांगा. ज्यांची उचल नाही त्यांना काही महिने चिठ्ठीवर वेगळी रक्कम दाखवून थोडे थोडे द्या. ज्या बायका आता येत नाहीत, वारल्या किंवा गावी परतल्या, त्यांच्या वाट्याचे पैसे इतर कचरावेचकांच्या मुलांच्या फीसाठी किंवा दवाखान्यासाठी जावेत, आणि तेही दुकानाच्या किंवा घराण्याच्या नावाची पाटी न लावता. रविवारी मंडळीसमोर उभे राहून सगळे जाहीर करावे काय, असा विचार तुमच्या मनात आला असेल तर तो सध्या बाजूला ठेवा. ज्यांचे घेतले त्या बायका तुमच्या मंडळीत नाहीत. जाहीर कबुलीने तुमचे मन हलके होईल, वडील भरसभेत उघडे पडतील आणि बायकांना काहीच मिळणार नाही.

नोकरीचा पर्याय मी फार वेळ तोलणार नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि त्यांनी विचारले की आम्ही काय करावे, तेव्हा त्याने त्यांना नाका सोडून यायला सांगितले नाही. ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढेच सांगितले. तुम्ही दुकान सोडले तर काटा काट्याच्या जागीच राहील आणि तो दुसऱ्याच्या हातात जाईल. वडील अजिबात ऐकत नसतील, तुमच्या नावावर तुमच्या डोळ्यांदेखत काटा मारला जात असेल, तर मात्र दूर होणे योग्य. पण ते शेवटचे पाऊल आहे, पहिले नव्हे.

वडिलांबद्दल लिहिताना मला थोडे अडखळायला होते, कारण ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ ही आज्ञा तुम्ही पत्रात लिहून पाठवली आहे आणि तिचे ओझे तुम्हाला जाणवते हे दिसते. मान राखणे म्हणजे त्यांच्या प्रत्येक व्यवहारावर सही करणे नव्हे. पण ज्या माणसाने हातगाडी ढकलून दुकान उभे केले त्याला त्याच्याच पैशावर शिकलेल्या मुलाने नीती शिकवावी, हे ऐकणाऱ्याच्या कानाला कसे लागेल याचाही विचार करा. त्यांना उपदेशापेक्षा आठवण जास्त भिडेल. हातगाडीवरचा माल ते स्वतः मोठ्या दुकानात घालत होते तेव्हा त्यांचे किती कापले जायचे, ते त्यांना विचारा. ते तुम्हाला नक्की आकडा सांगतील, असा माझा कयास आहे. आपले घर आणि या बायकांची घरे यांत फार तर एका पिढीचे अंतर आहे. त्याच दुष्काळात मराठवाड्यातून आणि नगर-सोलापुराकडून माणसे शहरात आली, कोणाला गाडी मिळाली, कोणाच्या हाती पोते आले. हे तुमच्या वडिलांना माहीत नाही असे नाही, नाताळची ब्लँकेटे त्यातूनच आली असणार. म्हणून ब्लँकेटांवर टीका करू नका. त्यांच्या हातून ती याही वर्षी दिली जावीत. फक्त त्याआधी बायकांचा हिशेब चुकता झालेला असावा, आणि वळते केलेल्या बाकीची वहीही शक्य झाल्यास त्यांच्याच हातून वाचली जावी. ज्याने दुकान उभे केले त्याने दुरुस्तीही केली, असे होणे त्यांच्या मानाला धरून आहे.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. ठेकेदाराने मजुराची मजुरी पंधरवडा अडकवून ठेवणे आणि त्याच काळात उपासना मंदिराच्या छपराला देणगी देणे, हाही याच जातीचा व्यवहार आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे, आणि बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात ती सूर्य मावळण्याआधी द्यावी असे स्पष्ट सांगितले आहे. मंडळीच्या पंचांनीही मोठी देणगी आली म्हणजे केवळ पावती फाडून थांबू नये. पाळकांना देणाऱ्याच्या धंद्याची चौकशी करणे अवघड जाते हे मान्य आहे. पण मंडळीत व्यापारी, कारागीर आणि कामगार यांना एकत्र बसवून आपापल्या धंद्यातल्या मापांविषयी बोलायला लावणे अवघड नाही, आणि ते वर्षातून एकदा तरी व्हावे.

तुमच्यासाठी शेवटची एक व्यवहाराची सूचना राहिली. पूर्ण वजनाने माल घेऊ लागल्यावर वरच्या गोदामाने किंवा गिरणीने मारलेला काटा तुम्हाला पहिल्यांदाच खरोखर झोंबेल, कारण आजवर तो तुम्ही खाली ढकलत होता. माल पाठवण्याआधी बाहेरच्या वे-ब्रिजवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वजन करून दोन्ही पावत्या घ्या, तिकडच्या वजनाशी ताडून पाहा, आणि फरकाची वही ठेवा. तीन-चार महिन्यांची वही हातात असली की गोदामवाल्याशी बोलता येते, आणि परिसरातले चार दुकानदार अशाच वह्या घेऊन एकत्र आले तर जास्त ठामपणे बोलता येते. हे पावसाळा सुरू होण्याआधी करा, म्हणजे ओलीचा वाद मध्ये येणार नाही.